द्वारका घाटावर उभी

मी बोलायला उभा राहिलो की लोक घड्याळाकडे बघतात. नोकरीत होतो तेव्हा मला वाटायचं, मुलांना वेळेची किंमत कळली आहे. निवृत्त झाल्यावरही माझा हा गोड गैरसमज टिकून होता. म्हणूनच छावणीमागच्या आमच्या वस्तीत मी वाचनमंडळ काढलं. विहाराच्या मागच्या बाजूला एक छोटा हॉल आहे. रविवारची वंदना आटोपली की तो रिकामाच पडून असतो. तिथं दोन चटया, एक कुरकुरणारा पंखा आणि मी, सोमनाथ खरात, मराठीचा निवृत्त शिक्षक. मंडळाचं नाव मी 'व्यासंग' ठेवलं. माझी बायको करुणा त्याला 'ह्यांचा तास' म्हणते.

वाचायला घेतली ती शंभर वर्षांपूर्वीची एक जाडजूड कादंबरी. आता ती कुठं मिळत नाही. माझ्याकडे तिची एकच प्रत आहे आणि ती मी कुणाच्या हाती देत नाही. 'आरंभीच्या प्रकरणांतील प्रमुख व्यक्तिरेखा' हा माझा आयुष्यभराचा अभ्यासविषय. कादंबरी मी पूर्ण वाचली आहे, उगाच कुणी शंका घेऊ नये. पण माझा जीव पहिल्या पाच प्रकरणांतच. तिथं माणसं नवी असतात, त्यांच्याबद्दल काहीही बोलता येतं. पुढं ती आपल्या मनानं वागायला लागतात आणि माझ्यासारख्याची पंचाईत होते.

गोष्ट अशी. रावसाहेब नावाचे एक करारी सासरे. त्यांचा मुलगा वासुदेव शहरात नोकरीला. आणि वासुदेवाची बायको द्वारका, जिचा सगळा जन्म नदीकाठच्या गावात गेलेला. वासुदेवाचा निरोप येतो: बिऱ्हाड केलं आहे, निघून ये. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी द्वारका गाठोडं घेऊन घाटावर उभी आहे. पलीकडच्या तीरावर नावेचा कंदील हलतो आहे. इथं प्रकरण संपतं.

आमच्या मंडळाचंही इथंच संपायचं. आमच्या डोळ्यांदेखत औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पाट्या बदलल्या, पण आमची द्वारका आपली घाटावरच. त्याचं कारण मंडळाचा एक नियम, आणि तो नियम करणारा शहाणा मीच. पंगतीत उशिरा आलेल्याच्या पानात आपण थेट ताक-भात वाढत नाही. त्यालाही मीठ-लिंबापासूनच वाढतो. तसं नवा माणूस मंडळात आला की वाचन पहिल्यापासून, व्यक्तिरेखांच्या सविस्तर परिचयासह. हा नियम मी उभं राहून मांडला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या त्या गीताबाई हिवराळे यांनी.

या गीताबाईंबद्दलच मला सांगायचं आहे, पण सवयीप्रमाणे आधी स्वतःबद्दल बोललो.

गीताबाई फुलंब्रीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथं आल्या. नवरा चितेगावच्या कारखान्यात, आणि त्या स्वतः एका प्रसूतिगृहात आया. नवरा लवकर गेला. बाईंनी त्याच नोकरीवर मुलगा सुयश याला इंजिनिअर केलं, दोन खोल्यांवर स्लॅब टाकला आणि दारात एक जास्वंद वाढवली. वस्तीतली निम्मी तरुण मंडळी त्यांच्या हातात जन्मली. पहिली आंघोळ त्यांनीच घातलेली. त्यामुळं वस्तीत कुणी जरा तोऱ्यात चालायला लागला की गीताबाई ओट्यावरून म्हणत, "याला मी उलटा धरून रडवलाय. आधी रडतच नव्हता." ज्याच्याबद्दल असं चारचौघांत बोललं जातं, तो माणूस आयुष्यभर त्या बाईला नाही म्हणू शकत नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

त्यांच्या शेजारी मुबारकभाई आणि जहांआराभाभी. मुबारकभाई एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक छोटी खिडकी आहे. त्या खिडकीतून इकडची आंबाडीची भाजी तिकडं आणि तिकडचा शीरखुर्मा इकडं जातो, आणि मधल्या मध्ये वस्तीतल्या सगळ्यांची धुणी धुतली जातात. गीताबाईंच्या घराची एक किल्ली भाभींच्या कमरेला असते.

ही किल्ली गेल्या थंडीत कामाला आली. गीताबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. सकाळी खिडकीतून भांड्यांचा आवाज आला नाही म्हणून भाभी दार उघडून आत गेल्या, तेव्हा बाई फरशीवर बसून होत्या आणि वर म्हणत होत्या, "आल्या का? चहा ठेवा." हाड मोडलं नव्हतं, पण सुयश पुण्याहून धावत आला आणि डोकं धरून बसला. "आई, आता बास झालं. तू पुण्याला चल. खोली काढून ठेवलीय तुझ्यासाठी."

गीताबाई म्हणाल्या, "येते की. आमचं सरांचं पुस्तक चालू हाय. तेवढं पुरं झालं की येते."

सुयशनं विचारलं, किती मोठं पुस्तक आहे. त्यांनी दोन बोटांत जाडी दाखवली. लेकानं मान हलवली, एवढं तर एवढं. ठरलं.

मला हे भाभींकडून कळलं तेव्हा माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं. पुण्याचा फ्लॅट, लेक, सून, सगळं वाट बघतंय आणि ही बाई म्हणते आधी पुस्तक! मी घरी येऊन करुणाला म्हणालो, "बघ, साहित्याचं प्रेम याला म्हणतात. आणि ते लावलं कुणी?"

करुणा मेथी निवडत होती. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

पुस्तकावर गीताबाईंची माया होतीच. त्याचं कव्हर फाटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, द्या माझ्याकडं. सुयशच्या पुस्तकांना मीच कव्हर घालायची." मी कुणाला हात न लावू देणारा माणूस, पण त्यांना दिलं. आठवड्यानं ते खाकी कागदात, कोपरे नीट दुमडून परत आलं. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. रोज चष्मा लावून पेपर वाचायच्या. पण कादंबरीची जुनी भाषा त्यांना झेपायची नाही असं मी गृहीत धरलं होतं, आणि प्रत्येक वाक्य सोपं करून सांगत होतो. सोपं करताना ते तिप्पट लांब व्हायचं.

बैठकीत त्या पुढं बसत, पाय लांब करून, आणि एकच प्रश्न विचारत.

"सर, पण तिला जायचंय का?"

"कुणाला?"

"द्वारकेला. निरोप आला, गाठोडं बांधलं, घाटावर गेली. पण तिला जायचंय का, ते कुठं लिहिलंय?"

मी हसायचो. शिक्षकाला समजूतदार हसता आलं पाहिजे. "गीताबाई, प्रश्न द्वारकेचा नाही. प्रश्न युगाचा आहे. जुनं गाव मागं पडतंय, नवं शहर साद घालतंय. नदी म्हणजे दोन युगांमधली सीमारेषा. गाठोडं म्हणजे संस्कारांचं संचित."

"गाठोड्यात लुगडी असतील," जहांआराभाभी म्हणायच्या. "और सुई-धागा. परदेसमें कौन देता?"

मुबारकभाईंना राग यायचा तो नावाड्याचा. "येळंवर गाडी न्हाय म्हंजे काय? पब्लिक खडी है उधर. मेरे जमानेमें ऐसी फेरी लेट हुई होती ना, डेपो मॅनेजर खडे खडे सुनाता था."

अशी आमची समीक्षा चाले. मला वाटे, हळूहळू मी यांना घडवतो आहे.

मंडळाची भरभराटही होत होती. सहाव्या प्रकरणाला हात घालायची वेळ आली, की बरोब्बर त्या रविवारी दारात नवा माणूस. आधी आला कडुबा, उसाच्या रसाची गाडी लावणारा. ऐन सीझनमध्ये गाडी बंद ठेवून आला आणि चटईच्या कडेला अंग चोरून बसला. मी भारावून पहिल्यापासून सुरुवात केली. रावसाहेबांचा स्वभाव मी 'बाहेरून कठोर, आतून त्याहून कठोर' असा सांगितला, त्यावर तो मनापासून म्हणाला, "व्हय, आमचा घरमालक." मग मेकॅनिक जावेद आला, हाताला ग्रीस तसंच. मग आवडाबाई आल्या. त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, पण नियम म्हणजे नियम. मी त्यांच्यासाठी सगळी प्रकरणं ओरडून वाचली. पुढच्या गल्लीतल्या लोकांनाही द्वारका घाटावर उभी असल्याचं कळलं.

त्या दिवशी घसा बसला तेव्हा करुणानं हळदीचं दूध दिलं आणि म्हणाली, "एवढी माणसं कुठून येतात हो?"

"कीर्ती," मी बसक्या आवाजात म्हणालो. "व्यासंगाची कीर्ती अशीच पसरते. आपण जाहिरात करत नाही."

"कडुबाच्या गाडीवर काल विचारलं मी. तो म्हणाला, गीतामावशीनं सांगितलं, चल."

"म्हणजे त्याही प्रचार करतात," मी म्हणालो. "गुणी बाई आहे."

करुणा दुधाचा पेला उचलून आत गेली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कधी वेळेवर लागलेला नाही.

मग सुयशचे फोन यायला लागले. "सर, नमस्कार. ते पुस्तक कुठवर आलं? आई म्हणती अजून घाटावरच हाय." मुलगा सालस. त्याच्या आवाजात काळजी होती, तक्रार नव्हती. "रात्री फोन केला अन् तिनं उचलला नाय की मी मुबारकभाईंना उठवून बघायला लावतो, सर. माझ्या बायकोला, संध्यालाही सुट्ट्या जुळवायच्यात. जरा लवकर संपवता आलं तर बघा."

मी विरघळलो. एका म्हातारीची सोय माझ्या विद्वत्तेपायी अडून पडली होती! मी त्याला शब्द दिला. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा त्याग केला: व्याख्यानं कापली. रावसाहेब चार वाक्यांत उरकले. वासुदेव एका वाक्यात. गाठोड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. भाभींनी विचारलं सुद्धा, "सर, तबीयत ठीक है ना?" एका बैठकीत आम्ही घाटावर. मी जाहीर केलं, पुढच्या रविवारी काहीही होवो, सहावं प्रकरण.

गीताबाई उठल्या. चटई झटकून त्यांनी घडी घातली, ती जरा जास्तच वेळ घातली.

पुढच्या रविवारी त्या आल्या तेव्हा त्यांच्या मागं जावेदबरोबर आधी येऊन गेलेली त्याची बायको होती आणि तिच्या कडेवर, टोपडं घातलेलं, नुकतं मान धरायला लागलेलं बाळ.

"हा नवा हाय," गीताबाई म्हणाल्या आणि बाळ मांडीवर घेतलं.

मुबारकभाई उसळले. "अवो बाई, ये क्या सुनेगा? याला दात न्हाय आले!"

"नियमात वय लिहिलंय का? का वो सर?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता इथं कुणाही शहाण्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला असता. माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो, कारण एवढं झाल्यावर लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. माझ्या डोक्यात आलं, संस्कार लहानपणापासूनच व्हायला हवेत. मी पहिलं प्रकरण उघडलं. बाळ रावसाहेबांच्या परिचयात झोपलं आणि वासुदेवाच्या वेळी रडून उठलं. माझ्या इतर श्रोत्यांपेक्षा त्याची प्रतिक्रिया प्रामाणिक होती.

संध्याकाळी मी सुयशला फोन करून बाळाची हकिकत कौतुकानं सांगितली. त्यानं बाळाचं वय दोनदा विचारलं. मग तो म्हणाला, "सर, मीच येतो. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. पुस्तक झालं तर झालं, नाय झालं तर आईला तसंच घेऊन जातो."

तो खरंच आला. विहारासमोर पांढरी गाडी लागली. सुयश सगळ्यांना जयभीम करत, मुबारकभाईंच्या गळ्यात पडत, भाभींच्या पायाला हात लावत आत आला. गीताबाई आधीच येऊन बसल्या होत्या. इस्त्रीचं लुगडं नेसलेल्या. शेजारी भिंतीला टेकवून एक पिशवी आणि चादरीत बांधलेलं एक बोचकं ठेवलं होतं. लेकानं सकाळीच फोनवर सांगितलं होतं, बैठक झाली की तिथूनच निघू, म्हणजे अंधाराच्या आत पुणं गाठता येईल.

मी ठरवून आलो होतो. आज द्वारकेला नावेत बसवायचंच, आणि गीताबाईंना गाडीत. दोघींची एकदमच पाठवणी. समारोपाचं छोटं भाषणही पाठ केलं होतं. मी थेट सहाव्या प्रकरणाचं पान काढलं, चष्मा पुसला आणि घसा खाकरला.

"थांबा," गीताबाई म्हणाल्या. "नवा माणूस आलाय."

मी दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"तिकडं नाय. हा काय, सुयश. यानं पयल्यापासून ऐकलेलं नाय."

लोक हसले. सुयशही हसला. "आई, मी घ्यायला आलोय तुला, ऐकायला नाय."

"चटईवर बसलास ना? मंग झालं."

"सर, तुम्ही सांगा ना तिला," सुयश माझ्याकडं वळला.

मी गीताबाईंकडं पाहिलं, समजूत घालायला. आणि तेव्हा पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा दिसला. मंडळ सुरू झाल्यापासून दर रविवारी तो माझ्या समोरच होता, पण मी बोलत असताना श्रोत्यांचे चेहरे बघत नाही, त्यानं माझी लय बिघडते. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, लेकाकडंही नाही. नजर त्या बोचक्यावर होती. हात मांडीवर घट्ट धरले होते, इंजेक्शनची वाट बघणारं पोर धरतं तसे.

मग मात्र पेटली. माझी ट्यूबलाईट जरा उशिरा पेटते, पण पेटली की सगळं एकदम दिसतं. रसाची गाडी बंद ठेवून आलेला कडुबा. ग्रीसच्या हातांचा जावेद. ठार बहिऱ्या आवडाबाई. टोपड्यातलं बाळ. यांतलं एकही माणूस माझ्या व्यासंगाच्या कीर्तीनं आलं नव्हतं. ज्यांना ज्यांना, किंवा ज्यांच्या लेकरांना उलटं धरून रडवलं होतं, त्यांना गीताबाईंनी एकेक करून हाताला धरून आणलं होतं, सहावं प्रकरण आलं की नेमकं तेव्हा. आणि मी मूर्ख सदऱ्याचं बटण ताणत होतो. करुणाला हे मेथीच्या वेळीच कळलं होतं.

मला एकीकडे स्वतःचं हसू येत होतं. दुसरीकडे फार वाईट वाटलं. ही बाई मला दर आठवड्याला विचारत होती, तिला जायचंय का, आणि मी तिला युग समजावून सांगत होतो.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो आणि पहिलं पान उघडलं.

त्या दिवशी मी जसा बोललो तसा जन्मात बोललो नव्हतो. एकही गोष्ट गाळली नाही. पण जरा वेगळं झालं खरं. द्वारकेच्या गावाचं वर्णन मी नेहमी भरभर उरकायचो, प्रमुख व्यक्तिरेखा नाहीत म्हणून. आज ते शब्द न् शब्द वाचलं: तिनं लावलेलं सोनचाफ्याचं रोप, पाणवठ्यावरची मैत्रीण, दुपारी दोघींनी एका ताटात खाल्लेली भाकरी. सुयश आधी सारखा मोबाईल बघत होता. मग त्यानं तो पालथा ठेवला. मैत्रिणीचं आलं तेव्हा भाभींनी नेहमीप्रमाणे गीताबाईंच्या हातावर दुपारची गोळी ठेवली, पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि गीताबाईंनी न बघता ती घेतली. सुयश ते बघत होता.

शेवटी आम्ही घाटावर पोचलो. द्वारका गाठोडं घेऊन उभी, पलीकडं कंदील हलतो आहे. मी पुस्तक मिटलं.

"मग?" सुयश म्हणाला. "पुढं काय होतं?"

आमच्या हॉलमध्ये हा प्रश्न आजवर कुणी मला नीट विचारलाच नव्हता. विचारला असता तर सांगितलं असतं, कारण मला शेवट माहीत होता. मी तोंड उघडलं, पण उत्तर दुसरीकडून आलं.

"नाव येती," गीताबाई म्हणाल्या. "ती बसती. शहरात जाती. नवरा चांगला असतो, घर चांगलं असतं, कुणी तरास देत नाय. लई सुखात ऱ्हाती." त्या थांबल्या. "अन् परत येत नाय. शेवटच्या पानापर्यंत येत नाय."

"तुम्हाला कसं..." मी म्हणालो.

"कव्हर घालताना वाचलं. आठवडाभर कव्हरच घालत होते व्हय मी?"

 मुबारकभाई पंख्याकडं बघत होते. पंखा कुरकुरत होता.

सुयश आईजवळ सरकला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. "आई, तू तसं म्हणायचं ना मग. सरळ म्हणायचं, नाय यायचं."

"तू एवढी खोली रंगवलीस म्हणलास. कसं म्हणू?" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तुझं काय चुकलंय का? तू पोरासारखा पोरगा हायस. पण मला तिथं कोण वळखतं रे? इथं मी उभी ऱ्हायली की मानसं ऱ्हातात उभी."

"अन् पडलीस तर? न्हाणीत? परत?"

"गिरी तो मैं हूँ ना," जहांआराभाभी म्हणाल्या आणि कमरेची किल्ली काढून चटईवर ठेवली. "पिछली बार भी मैंच उठाई. न्हाणीला कठडा बसवून टाक बेटा, और फरश खुरदरी करा दे. पुण्याला जाऊन माणूस पडत न्हाय का?"

 सुयशनं किल्ली उचलली, हातात फिरवली, भाभींना परत दिली.  काळजी अशी एका किल्लीनं जात नसते, आणि त्याची गेली नव्हती. ती त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. मग त्यानं उठून चादरीतलं बोचकं उचललं. गीताबाईही उठायला लागल्या. तो दाराशी गेला, गाडीकडं न वळता गल्लीकडं वळला आणि घराच्या दिशेनं चालू लागला. मुबारकभाई पिशवी घेऊन त्याच्या मागं धावले.

दुपारी जेवण करून, न्हाणीची मापं घेऊन, जावेदला कठड्याचं काम सांगून तो निघाला. मी त्याला सोडायला गाडीपर्यंत गेलो. काय बोलावं ते कळेना, म्हणून मी माझ्या स्वभावाप्रमाणे भाषण सुरू केलं, की सहावं प्रकरण वाङ्मयीन दृष्ट्या तसं कमकुवतच आहे. त्यानं ते अर्ध्यात तोडलं.

"सर, तुमचा तो नियम अजून हाय ना?"

"आहे की."

"मग पुढच्या महिन्यात संध्याला घेऊन येतो," गाडीत बसत तो म्हणाला. "तिनं पयल्यापासून काहीच ऐकलेलं नाय."

मी त्याला सांगितलं की रावसाहेबांच्या व्यक्तिरेखेलाच बराच वेळ लागतो.

"लागू द्या," तो म्हणाला.